घर्षणाशी वैर धरलेला सुतार

जुनी रेडिओ कंट्रोल कार कधी उघडून बघितली आहे का तुम्ही? जत्रेत मिळते ती खेळण्यातली नाही म्हणत मी. ऐंशीच्या दशकातली, किट आणून स्वतः स्क्रू आवळत जोडायची ती. जपानच्या टामिया कंपनीची १९८४ सालची ग्रासहॉपर ही त्यातली एक गाजलेली बग्गी. अशी एखादी जुनी कार मामाच्या माळ्यावर किंवा सेकंडहँड बाजारात हाती लागली, तर एक करून बघा. कार उचलून धरा आणि पुढचं चाक बोटाने जोरात फिरवा. दोन-चार गरके घेईल आणि थांबेल.

चाक काढून बघितलं की कारण दिसतं. ॲक्सल ज्या भोकातून जातो, तिथे प्लास्टिकची किंवा धातूची एक छोटीशी कडी बसवलेली असते. हिला म्हणतात बुश. ॲक्सल तिच्या आत घासत फिरतो. घासला की थांबतो, तापतो, झिजतो. वर्षभर धुळीत पळवली की बुशचं भोक मोठं होतं आणि चाक लडबडायला लागतं. म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन पहिलं काम हेच करतात: बुश काढायची आणि तिथे बॉल बेअरिंग घालायचं. टामियाच्या कितीतरी गाड्यांत माप ठरलेलं असतं: आतला व्यास ५ मिलिमीटर, बाहेरचा ११ आणि जाडी ४. जुनी बुश ढकलून बाहेर काढा, जागा पुसून घ्या, बेअरिंग बोटाने दाबून बसवा. आता चाक फिरवा. फिरतच राहतं! बॅटरी तीच, मोटर तीच, पण गाडी जरा जास्त पळते.

आता त्या बेअरिंगचं झाकण काढून आत डोकवा. बारीक छर्रे दिसतील, पण ते एकमेकांना चिकटून नसतात. पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकची एक कडी प्रत्येक छर्ऱ्याला वेगळ्या घरात ठेवते. तिला केज म्हणतात, म्हणजे पिंजरा. हा कशाला हवा? दोन शेजारचे छर्रे एकाच दिशेने गोल फिरत असले, तर जिथे ते एकमेकांना टेकतात तिथे एकाचा पृष्ठभाग वर जात असतो आणि दुसऱ्याचा खाली. म्हणजे तिथे पुन्हा घासाघीस. ज्या घर्षणापासून पळालो तेच मागच्या दाराने आत आलं. पिंजरा हे दार बंद करतो.

ही पिंजऱ्याची युक्ती पहिल्यांदा करून दाखवली ती एका सुताराने. तेव्हा रेडिओ नव्हता, इलेक्ट्रिक मोटर नव्हती, मोटारगाडीही नव्हती. हा माणूस कधी कॉलेजात गेला नाही. आणि गंमत म्हणजे, ज्या यंत्रासाठी त्याने ही युक्ती काढली, त्या यंत्रावर आयुष्याची १९ वर्षं घालवून शेवटी त्याने ते बाजूला ठेवलं. त्याचं नाव जॉन हॅरिसन.

तेल नको असलेलं घड्याळ

हॅरिसनचा जन्म १६९३चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातल्या फोल्बी गावचा. वडील सुतार. पुढे हे कुटुंब हंबर नदीकाठच्या बॅरो गावी राहायला गेलं. जॉन वडिलांच्या हाताखाली रंधा मारायला शिकला. शाळा जेमतेमच. पण एका धर्मगुरूने त्याला केंब्रिजच्या एका प्राध्यापकाच्या विज्ञानावरच्या व्याख्यानांची हस्तलिखित प्रत वाचायला दिली. पोराने ती सगळीच्या सगळी हाताने उतरवून काढली, आकृत्यांसकट. तेव्हाची झेरॉक्स म्हणा ना. फरक एवढाच की आपण झेरॉक्स काढून ठेवून देतो आणि त्याने ती वर्षानुवर्षं वाचली.

विसाव्या वर्षी, १७१३ मध्ये, त्याने आपलं पहिलं लंबकाचं घड्याळ बनवलं. जवळजवळ सगळं लाकडी. दाते असलेली चाकंसुद्धा ओकच्या लाकडाची. सुतारच तो, हाताशी लाकूडच असणार. पण १७२२च्या सुमाराला त्याला एक वेगळं काम मिळालं. ब्रॉकल्सबी पार्क नावाच्या इस्टेटीत घोड्यांच्या तबेल्यावर मोठं मनोऱ्याचं घड्याळ बसवायचं होतं. आणि इथे त्याची गाठ पडली त्याच्या आयुष्यभराच्या वैऱ्याशी. तो वैरी म्हणजे तेल.

तेल वैरी कसं? तेव्हाची तेलं आजच्यासारखी नव्हती. थंडीत ती घट्ट व्हायची, उन्हाळ्यात पातळ व्हायची, जुनी झाली की चिकट राळ बनायची. उघड्यावरच्या घड्याळात तर विचारूच नका. बैलगाडीच्या कण्याला वंगण कमी-जास्त झालं तर गाडी कुरकुरेल, पण पोचेल. घड्याळाचं तसं नसतं. आज तेल घट्ट असेल तर घड्याळ मागे पडणार, उद्या पातळ झालं तर पुढे जाणार. वेळ चुकते ती इथे.

दुसऱ्या कुणी चांगलं तेल शोधलं असतं. हॅरिसनने उलटा विचार केला: तेल लागणारच नाही असं घड्याळ का करू नये? त्याला एक लाकूड माहीत होतं, लिग्नम व्हिटी. वेस्ट इंडीजकडून येणारं, इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि मुळातच तेलकट. त्याने आसांसाठीच्या बुश या लाकडाच्या केल्या आणि त्यात लोखंडाऐवजी न गंजणारे पितळी आस फिरवले. बुशच आपलं वंगण स्वतःच्या अंगात घेऊन बसलेली! हे घड्याळ आजही ब्रॉकल्सबी पार्कमध्ये चालू आहे. त्याला ३०० वर्षं झाली. म्हणजे बुश हा प्रकार टाकाऊ नाही बरं का. योग्य जागी योग्य मटेरियलची बुश असली तर ती तीन शतकं टिकते.

त्यानंतर धाकटा भाऊ जेम्स याच्याबरोबर त्याने आणखी बारीक कामाची घड्याळं केली. उन्हाळ्यात लंबकाची दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडतं, म्हणून त्याने पितळ आणि पोलादाच्या दांड्या अशा जोडल्या की एकाचं प्रसरण दुसऱ्याने खाऊन टाकावं. घड्याळात टिकटिक करणारा जो भाग असतो, जो चाकाचा एकेक दात सोडतो, तोही त्याने नव्याने रचला. यात काहीच घासत नव्हतं. दोन पाय आळीपाळीने दाताला टेकायचे आणि टुणकन उडून बाजूला व्हायचे, नाकतोड्यासारखे. म्हणून त्याचं इंग्रजी नावही ग्रासहॉपर. टामियाच्या बग्गीशी त्याचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला बरा.

या घड्याळांची चूक महिन्याला सेकंदभराच्या घरात होती. हे केलं कुणी, तर लंडनपासून लांबच्या एका खेड्यातल्या दोन सुतार भावांनी.

समुद्रात आपण कुठे आहोत?

आता थोडं भूगोलाकडे वळू, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. तुम्ही फोन काढता आणि निळा ठिपका तुम्ही कुठे आहात ते दाखवतो. अठराव्या शतकातल्या कप्तानाकडे हा ठिपका नव्हता. उत्तर-दक्षिण किती, म्हणजे अक्षांश, हे त्याला दुपारच्या सूर्याच्या उंचीवरून काढता यायचं. पण पूर्व-पश्चिम किती, म्हणजे रेखांश, हे कळायचं नाही. जहाजाचा वेग आणि दिशा यांवरून अंदाज बांधायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

१७०७च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या आरमाराचा असाच अंदाज चुकला. ॲडमिरल क्लाउडस्ली शॉव्हेलची चार जहाजं इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सिली बेटांच्या खडकांवर आपटून बुडाली. हजाराहून अधिक खलाशी आणि स्वतः ॲडमिरल मेले. घराच्या उंबरठ्यावर येऊन मेले म्हणा ना.

१७१४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदाच केला. समुद्रात रेखांश शोधायची पद्धत देईल त्याला बक्षीस. अर्ध्या अंशाइतकी अचूक असेल तर २० हजार पौंड. तेव्हाच्या मानाने ही अफाट रक्कम. निवाडा करायला रेखांश मंडळ नेमलं गेलं. त्यात खगोलशास्त्रज्ञ, गणिताचे प्राध्यापक, आरमारातले मोठे अधिकारी.

तत्त्व सोपं आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजे ४ मिनिटांना १ अंश. तुमच्याजवळ लंडनची अचूक वेळ दाखवणारं घड्याळ असेल आणि इथली दुपार तुम्ही सूर्यावरून काढलीत, तर दोन्हींतला फरक म्हणजेच तुमचा रेखांश. अडचण एकच, असं घड्याळ हवं. अर्धा अंश म्हणजे वेळेत फक्त २ मिनिटं. वेस्ट इंडीजच्या दीड महिन्याच्या प्रवासात २ मिनिटं म्हणजे दिवसाला ३ सेकंदांहूनही कमी चूक. तेव्हाची चांगली खिशातली घड्याळं दिवसाला मिनिटभर चुकायची. लंबकाची घड्याळं अचूक होती, पण हलत्या जहाजावर लंबक काय कामाचा? जहाज डोलतं, हवा बदलते, दमट होते. खुद्द न्यूटननेही संसदेपुढे या अडचणी मांडल्या होत्या. बहुतेक विद्वानांना वाटायचं, उत्तर आकाशात सापडेल, चंद्र आणि ताऱ्यांमधल्या अंतरात. घड्याळात नाही.

हॅरिसनला वाटलं, घड्याळात सापडेल.

एक, दोन आणि तिसरं

१७३०च्या सुमाराला तो आपली चित्रं घेऊन लंडनला गेला. ग्रीनविचच्या वेधशाळेत एडमंड हॅली होता, धूमकेतूवाला. हॅलीने त्याला जॉर्ज ग्रॅहमकडे पाठवलं. ग्रॅहम म्हणजे तेव्हाचा लंडनमधला सगळ्यांत नावाजलेला घड्याळजी. सकाळी दहाला सुरू झालेलं त्यांचं बोलणं रात्री आठपर्यंत चाललं, आणि निघताना ग्रॅहमने या अनोळखी सुताराला बिनव्याजी पैसे उसने दिले. विश्वासावर. मोठ्या माणसांनी वेळेवर दिलेला असा हात किती लांब पोचवतो ते पुढे बघा.

पाच वर्षांनी, १७३५ मध्ये, पहिलं यंत्र तयार झालं. आज त्याला एच-१ म्हणतात. वजन ३४ किलो. लंबकाऐवजी एकमेकांना जोडलेल्या, दोन्ही टोकांना गोळे असलेल्या दोन दांड्या, ज्या विरुद्ध दिशांनी हलतात. त्यामुळे जहाज डोललं तरी एकीवरचा परिणाम दुसरी पुसते. आणि तेलाचा थेंबही नाही. १७३६ मध्ये ते जहाजावरून लिस्बनला गेलं. हॅरिसन बरोबर होता आणि त्याला बोट लागून तो बेजार झाला. परतताना इंग्लंडचा किनारा दिसला तेव्हा जहाजावरच्या मंडळींना वाटलं आपण एका ठिकाणी आहोत. हॅरिसनने घड्याळावरून सांगितलं, आपण त्याच्या कितीतरी पश्चिमेला आहोत. ६० मैलांहून जास्त फरक निघाला. हॅरिसन बरोबर होता.

मग १७३७ मध्ये रेखांश मंडळ त्याचं म्हणणं ऐकायला बसलं. तुम्ही असता तर काय केलं असतं? यंत्र पुढे केलं असतं आणि म्हटलं असतं, वेस्ट इंडीजला पाठवा आणि बक्षीस द्या. या माणसाने तिथे उभं राहून आपल्याच यंत्राचे दोष सांगितले. आणखी चांगलं करतो, थोडे पैसे द्या, असं म्हणाला. मंडळाने ५०० पौंड कबूल केले.

१७३९ पर्यंत एच-२ झालं. ते समुद्रावर गेलंच नाही. जहाज वळताना त्याच्या दांड्यांच्या चालीवर परिणाम होतो, हे हॅरिसनच्या स्वतःच्याच लक्षात आलं आणि त्याने ते बाजूला ठेवलं.

मग सुरू झालं एच-३. आपली बेअरिंगची गोष्ट इथे येते. या वेळी त्याने दांड्यांऐवजी गोल चाकं घेतली. ती जितकी मोकळी फिरतील तितकं बरं. बुश कितीही चांगली असली तरी घासते. घासण्याऐवजी लोळवलं तर? त्याने आसाभोवती छोटे रोलर बसवले. छर्रे नव्हेत, रोलर. आणि ते एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांना एका चौकटीत धरलं, प्रत्येक आपापल्या जागी. हाच तो पिंजरा. याच यंत्रात त्याने आणखी एक वस्तू घातली: पितळ आणि पोलाद एकमेकांना चिकटवून केलेली पट्टी, जी तापली की वाकते आणि घड्याळाची चाल सावरते. द्विधातू पट्टी म्हणून ती तुम्ही शाळेत शिकलात. इस्त्री ठरावीक तापमानाला आपोआप बंद होते ती अशाच पट्टीमुळे.

एका यंत्रात दोन शोध, दोन्ही आजपर्यंत टिकलेले. पण एच-३ काही ऐकेना. ७५३ भाग. एक दुरुस्त करावा तर दुसरा बिघडावा. १७४० मध्ये सुरू केलेलं काम १७५० उलटलं तरी चालूच. दरम्यान १७४९ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिलं, तिथला सगळ्यांत मोठा मान. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, माणसाने जिंकलं. आत कार्यशाळेत मात्र तो रोज थोडासा हरत होता.

वाट बदलणं

प्रोजेक्ट अडकला की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. शेवटच्या वर्षाला असाल तर तर नकोच. इतका वेळ घातला आहे, आता मागे कसं फिरायचं, असं वाटत राहतं आणि आपण आणखी वेळ घालतो. हॅरिसनचा आकडा बघा: १९ वर्षं. त्याच्या मुलाचं, विल्यमचं, सगळं तारुण्य वडिलांना मदत करण्यात गेलं.

१७५३ मध्ये हॅरिसनने जॉन जेफ्रीज नावाच्या कारागिराकडून स्वतःच्या वापरासाठी एक खिशातलं घड्याळ बनवून घेतलं. आराखडा हॅरिसनचाच, त्यात त्याच्या काही युक्त्या घातलेल्या. आणि हे चिमुकलं घड्याळ अपेक्षेपेक्षा फारच चांगलं चालू लागलं. त्याच्या लक्षात आलं की आपण उलट्या दिशेने चाललो होतो. मोठी, सावकाश हलणारी चाकं जहाजाच्या हेलकाव्यांनी सहज बिचकतात. लहान चाक भराभर आणि मोठ्या झोक्याने फिरवलं तर त्याला बाहेरचे धक्के फारसे कळतच नाहीत. भोवरा वेगात असला की धक्का दिला तरी पडत नाही, साधारण तसंच काहीसं.

साठी जवळ आलेली. आयुष्यभराचा सिद्धांत: मोठं यंत्र, तेल नाही, घर्षण नाही. आणि त्याने तो बाजूला ठेवायचं ठरवलं.

१७५९ मध्ये एच-४ तयार झालं. व्यास १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आत. सेकंदाला पाच टिकटिका. आत माणकं आणि हिऱ्याचे बारीक तुकडे, कारण दगड गुळगुळीत आणि झिजत नाही. आणि ज्याच्याशी जन्मभर वैर धरलं, ते तेलही त्यात होतं. हे त्याला किती जड गेलं असेल! पण त्याचं प्रेम घड्याळ अचूक चालण्यावर होतं. तेल टाळणं हा त्याचा एक मार्ग होता. मार्ग चुकला, तर त्याने मार्ग सोडला.

निकाल कोण देतं?

नोव्हेंबर १७६१. हॅरिसन ६८ वर्षांचा होता, म्हणून एच-४ घेऊन विल्यम जमैकाला निघाला. वाटेत जहाजावरची बिअर खराब झाली आणि खलाशी वैतागले. पुढचं बंदर कधी येणार यावर वाद. कप्तानाचा हिशेब वेगळा, विल्यमचा वेगळा. विल्यमने घड्याळावरून सांगितलं, हीच दिशा धरा, उद्या मदेरा बेटं दिसतील. दुसऱ्या दिवशी दिसली. जमैकाला पोचेपर्यंत ८१ दिवसांत घड्याळ ५ सेकंद मागे पडलं होतं. फक्त ५ सेकंद.

बक्षीस मिळालं? नाही. मंडळ म्हणालं, हा योगायोग असू शकतो. जमैकाचा रेखांशच नीट माहीत नाही. घड्याळाची रोजची चाल तुम्ही आधी जाहीर केली नव्हती. पुन्हा चाचणी द्या. खरं सांगायचं तर या शंका अगदीच खोट्या नव्हत्या. एका चाचणीवरून निष्कर्ष काढू नये, हे तुम्हीही प्रॅक्टिकलला शिकता. १७६४ मध्ये बार्बाडोसला दुसरी चाचणी झाली. ४७ दिवसांत ३९ सेकंदांची चूक, म्हणजे हव्या असलेल्यापेक्षा तिप्पट चांगला निकाल.

पण तिथे निकाल मोजायला बसलेल्यांत नेव्हिल मॅस्कलिन होता. चंद्राच्या पद्धतीचा कट्टर पुरस्कर्ता, म्हणजे प्रतिस्पर्धीच. दुसऱ्याच वर्षी तो राजज्योतिषी झाला आणि त्या पदामुळे रेखांश मंडळावर आला. त्याला निव्वळ खलनायक करू नका. त्याची चंद्राची पद्धत खरंच चालत होती, त्याने छापलेली कोष्टकं खलाशी कितीतरी वर्षं वापरत होते. आणि घड्याळवाल्यांपुढे एक खरा प्रश्न होताच: एका अफलातून कारागिराने एक अफलातून घड्याळ केलं, पण शेकडो जहाजांसाठी शेकडो कोण करणार? १७६५ मध्ये नियमच बदलले. घड्याळ उघडून सगळं गुपित सांगा, तर अर्धी रक्कम. उरलेली हवी असेल तर आणखी घड्याळं करून दाखवा.

हॅरिसनने तज्ज्ञांसमोर एच-४ भाग भाग करून उघडलं आणि १० हजार पौंड घेतले. मग त्याचं घड्याळच त्याच्याकडून काढून घेण्यात आलं. १७६६च्या मे महिन्यात मॅस्कलिन बाकीची तीन यंत्रंही न्यायला आला. नेताना एच-१ माणसांच्या हातून निसटून पडलं. ग्रीनविचमध्ये एच-४ची पुन्हा चाचणी झाली आणि ते भरवशाचं नाही असा शेरा पडला.

सत्तरी ओलांडलेला म्हातारा पुन्हा बाकावर बसला. मुलाच्या मदतीने त्याने एच-५ केलं. शेवटी १७७२ मध्ये विल्यमने थेट राजा तिसऱ्या जॉर्जकडे दाद मागितली. राजाला विज्ञानाची आवड. त्याने आपल्या खासगी वेधशाळेत दहा आठवडे ते घड्याळ तपासलं. दिवसाला सेकंदाच्या एक तृतीयांशाइतकी चूक. राजाच्या पाठिंब्याने प्रकरण संसदेत गेलं आणि १७७३ मध्ये संसदेने हॅरिसनला ८,७५० पौंड दिले. वय ८०. मंडळाने बक्षीस म्हणून ते कधीच दिलं नाही. ना त्याला, ना दुसऱ्या कुणाला.

तिकडे लार्कम केंडलने केलेली एच-४ची हुबेहूब प्रत घेऊन कॅप्टन जेम्स कुक १७७२ ते १७७५ अशी तीन वर्षं दक्षिणेच्या समुद्रात फिरून आला. आधी घड्याळावर शंका घेणारा कुक परतला तो त्याचा चाहता होऊन. २४ मार्च १७७६ रोजी लंडनमध्ये हॅरिसन गेला. कुकची बातमी त्याच्या कानावर पडली असेल, एवढं समाधान.

फसलेल्या यंत्रातून उरलेलं

पुढे १७९४ मध्ये वेल्समधल्या फिलिप व्हॉनने बग्गीच्या आसासाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. १८६९ मध्ये पॅरिस ते रुआँ या सायकल शर्यतीत जेम्स मूर बॉल बेअरिंगच्या सायकलवर जिंकला आणि जगाचे डोळे उघडले. तिथून सायकल, पंखे, मोटारी आणि अखेर हातात मावणारी रेडिओ कंट्रोल कार. छर्रे नंतर आले, पण त्यांना वेगवेगळ्या घरांत धरून ठेवायची कल्पना एच-३मधली.

विचार करा, एच-३ कधी कुठल्या जहाजावर चाचणीला गेलं नाही. त्याने एकही जीव वाचवला नाही, एकही बक्षीस मिळवलं नाही. जिंकलं ते एच-४. पण एच-४चं काम आता तुमच्या फोनमधला निळा ठिपका करतो. एच-३मधला पिंजरा मात्र तुमच्या होस्टेलच्या पंख्यात आत्ता फिरतो आहे. कोणतं काम वाया गेलं हे करतानाच कळत असतं, तर किती सोपं झालं असतं! हॅरिसनलाही ते कळलं नसेल. त्याने दोन गोष्टी केल्या: काम मनापासून केलं, आणि चुकतंय हे दिसल्यावर कबूल केलं.

त्याची पहिली चार यंत्रं आज ग्रीनविचच्या वेधशाळेत आहेत. दीडशे वर्षं ती मळून, गंजून पडली होती. १९२०च्या दशकात रूपर्ट गूल्ड नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने ती स्वतःहून साफ करायला घेतली आणि कित्येक वर्षं खपून पुन्हा चालू केली. आज पहिली तीन यंत्रं तिथे हलताना दिसतात, कारण त्यांना तेल लागत नाही. जिंकलेलं एच-४ मात्र बंद ठेवतात. ते चालवायचं तर तेल घालावं लागेल, आणि तेलाने ते झिजेल.

तेव्हा कधी त्या जुन्या कारचं चाक उघडलंत, तर घाई करू नका. बुश काढाल ती फेकू नका, छोट्या पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. मूळ भाग आहे तो, कधीतरी लागेल. नवं बेअरिंग बसवायच्या आधी दोन बोटांत धरून एकदा फिरवा आणि त्या पिंजऱ्याकडे नीट बघा. मग तुमच्या टेबलावर किंवा लॅपटॉपमध्ये अर्धवट पडलेलं, फसलंय असं वाटणारं काम एकदा उघडा. पुढे न्यायचं की वाट बदलायची, ते तुम्ही ठरवा. पण टाकून देण्याआधी त्यातला पिंजरा तेवढा काढून ठेवा.